स्कोअरची वही

धर्माबाद स्टेशनवर उतरणारा नवखा पाहुणा आधी शिंकतो आणि मग आमच्या घराचा पत्ता विचारतो. मिरचीचं गाव आहे आमचं. हंगामात मोंढ्याकडून जाताना नाकाला पदर लावावा लागतो, आणि बाहेरून आलेल्या नव्या सुनेचं पहिलं वर्ष ठसक्यातच जातं. मी इथलीच. माहेर मोंढ्याजवळ, सासर स्टेशनच्या अलीकडं. त्यामुळं मला ठसका लागत नाही. मात्र वह्यांचं वेड लागलेलं आहे, आणि ते माहेराहून आलंय.

बाबा एका आडत दुकानात मुनीम होते. लाल कापडाच्या बांधणीची लांबट वही मांडीवर घेऊन काट्याजवळ बसायचे. हमालानं पोतं टाकलं, काटा थांबला, आकडा ओरडला की तो वहीत. कुणी शेतकरी म्हणाला, "मुनीमजी, माझी चौदा पोती होती," तर बाबा वाद घालत नसत. वही फिरवून त्याच्यापुढं धरत. एकदा चूक बाबांचीच निघाली. त्यांनी आकडा खोडून काढला नाही. त्यावर आडवी रेघ मारली, वर बरोबर आकडा लिहिला आणि बाजूला सही केली. गिरवागिरवी केली की वही खोटी पडते, म्हणायचे.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे बेसबॉल. हसू नका, खरंच सांगते.

माझी लेक नववीत आहे. जूनमध्ये एक दिवस दप्तर टाकता टाकता म्हणाली, "आई, बेसबॉलच्या टीममध्ये माझं नाव घेतलंय." आपल्याकडं शाळांमधून सॉफ्टबॉल आधीपासून खेळतात, त्याचंच हे थोरलं भावंडं. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू मोठा असतो आणि हात खालून फिरवून टाकायचा असतो. बेसबॉलमध्ये चेंडू लहान आणि कडक, खांद्यावरून टाकायचा, आणि मैदानही मोठं. शासनाच्या शालेय स्पर्धांमध्ये दोन्ही खेळ आहेत.

सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. "कामून गं? काळी ठिक्कर पडंल पोरगी उन्हात. आन् ती अर्धी चड्डी घालून पळायचं का मैदानात?" ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता "खेळू दे की" म्हटलं. मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी काहीच बोलले नाही, कारण मला अक्का आठवली.

अक्का माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. १९९४ साली ती दहावीत होती आणि शाळेच्या सॉफ्टबॉल संघात चेंडू टाकायची. नांदेडला सामने होते, आणि मी पाण्याचा कॅन सांभाळायला म्हणून बरोबर गेले होते. अक्काचा चेंडू समोरच्या पोरींना दिसतच नव्हता. एकेक पोरगी यायची, तीनदा हवेत बॅट फिरवायची आणि परत जायची. रिबिनीच्या दोन वेण्या घातलेली एक पोरगी तर रडायला लागली होती. आम्ही जिंकलो. संघाला प्रमाणपत्रं मिळणार होती. सगळ्यांची आली, अक्काचं आलं नाही.

"येईल, येईल," असं सांगण्यात वर्ष गेलं. नंतर कळलं की वर पाठवलेल्या यादीत तिचं नावच नव्हतं. त्या काळी यादी हातानं लिहायची, खाली कार्बन लावून. शेवटचं नाव राहिलं असेल, नाहीतर कार्बन सरकला असेल. चूक कुणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही. सामन्याचा स्कोअर कुणी लिहिला असता तर ती वही दाखवता आली असती, पण कुणी लिहिलाच नव्हता. पुढं एका नोकरीच्या अर्जात खेळाचं प्रमाणपत्र जोडायचा रकाना आला आणि अक्कानं तो कोरा सोडला. मग लग्न होऊन ती उमरीला गेली. तिनं त्यावर कधी तक्रार केली नाही, पण नंतर कुठल्याही पोरीच्या खेळाचा विषय निघाला की ती उठून चहा ठेवायला जायची.

म्हणून पालकांच्या बैठकीत पीटीचे सर म्हणाले, "सामन्याचा स्कोअर लिहायला कुणी मिळालं तर बरं होईल," तेव्हा मी हात वर केला. सगळ्या बाया माझ्याकडं बघू लागल्या. सरही चपापले. "ताई, बेसबॉल येतं का तुम्हाला?" म्हटलं, "वही येते."

मैत्रिणींनो, बेसबॉल शिकायला मला पंधरा दिवस लागले. आपल्याला क्रिकेट पाहून माहीत असतं, त्यामुळं निम्मं काम होतं. एका बाजूला नऊ खेळाडू. चार बेस, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर. चेंडू मारायचा आणि एकेक कोपरा गाठत पुन्हा घरी यायचं, की एक धाव. चेंडू मैदानाबाहेर भिरकावला तर होमरन. तीनदा चुकलात की बाद, आणि तीनजणी बाद झाल्या की डाव दुसऱ्या बाजूचा. मोठ्यांच्या सामन्यात असे नऊ डाव असतात, म्हणजे सामना जिंकायला समोरचे सत्तावीस बाद करायचे. शाळेत डाव कमी.

स्कोअर लिहिण्याची पद्धत मात्र मला भलतीच आवडली. मैदानातल्या प्रत्येक जागेला आकडा असतो. पिचर १, कॅचर २, मग पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभी राहणारी शॉर्टस्टॉप ती ६, आणि मागच्या तिघी ७, ८, ९. शॉर्टस्टॉपनं चेंडू उचलून पहिल्या बेसवर फेकला आणि धावणारी बाद झाली, की वहीत लिहायचं ६-३. बस. कुणी घेतलं, कुणाला दिलं, दोन्ही बाजू एका ओळीत. बाबांच्या खतावणीत जमा आणि नावे असायचं, तसंच.

पुढं वाचलं तर कळलं की ही आकडेमोड रुजवणारा माणूस मूळचा क्रिकेटवालाच. हेन्री चॅडविक त्याचं नाव. १८२४ साली इंग्लंडात जन्मला, लहानपणी अमेरिकेत गेला, वर्तमानपत्रात क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. नंतर बेसबॉलच्या नादी लागला आणि सामन्याचा सगळा हिशेब एका चौकटीत बसवायची रीत त्यानं घालून दिली. तीनदा चुकून बाद झालेल्यासाठी त्यानं ठरवलेलं 'के' हे अक्षर अजून जगभर लिहितात. १९०८ मध्ये तो गेला, आणि पुढं बेसबॉलच्या मानकऱ्यांच्या दालनात, कूपर्सटाउन इथं, त्याला जागा मिळाली. आयुष्यभर वही लिहिणाऱ्याला! हे बाबांना सांगायला हवं होतं.

मग रात्री जेवणं आटोपली की लेक आणि मी मोबाइलवर बेसबॉलचे विक्रम वाचायला लागलो. तिला मोठे आकडे आवडतात. जो डिमॅजिओनं १९४१ मध्ये सलग ५६ सामन्यांत एक तरी फटका मारलाच, तो विक्रम अजून कुणी मोडला नाही. कॅल रिपकेन सलग २६३२ सामने खेळला, एकही सुट्टी नाही. (सासूबाई म्हणाल्या, "त्यात काय? मी पन्नास वर्षं खेळायलेय.") परवा परवा, २०२४ मध्ये, शोहेई ओहतानी या जपानी खेळाडूनं एकाच हंगामात ५४ होमरन मारले आणि ५९ बेस चोरले. बेस चोरणे म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं लक्ष चुकवून पुढच्या बेसवर पळणे. चोरीचाही हिशेब ठेवतात!

पण या चोरीच्या आकड्यात मला जी बाई सापडली ती ओहतानीहून मोठी. सोफी कुरिस. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले पुष्कळ खेळाडू फौजेत गेले, तेव्हा च्युइंग गमचे कारखानदार फिलिप रिगली यांनी १९४३ मध्ये मुलींची व्यावसायिक बेसबॉल लीग काढली. ती १९५४ पर्यंत चालली. पोरी पैसे घेऊन खेळत होत्या, पण अटी काय? स्कर्ट घालूनच खेळायचं. ओठाला लिपस्टिक हवी. केस आखूड कापायचे नाहीत. बाहेर जाताना पँट घालायची नाही. संघाबरोबर एक देखरेख करणारी बाई. आणि सुरुवातीला तर हेलेना रुबिनस्टाइन यांच्या सौंदर्यप्रसाधनाच्या कंपनीकडून चालायचं कसं, बसायचं कसं याचे धडे. आपल्याकडच्या बघण्याच्या कार्यक्रमाची तयारीच म्हणा की.

आता विचार करा, बेस चोरताना मातीत अंग टाकून घसरत जावं लागतं. स्कर्ट घालून! मांड्या सोलून निघायच्या. अशा अवस्थेत सोफी कुरिसनं १९४६ च्या हंगामात २०३ वेळा बेस चोरायचा प्रयत्न केला आणि २०१ वेळा साधला. पुरुषांच्या मोठ्या लीगमध्ये विसाव्या शतकापासूनचा सगळ्यात मोठा आकडा रिकी हेंडरसनचा, १९८२ सालचा, १३०. फुलपँट घालून.

मी हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "त्या पोरीला मलम कोण लावत होतं गं रात्री?" मला उत्तर आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी लेकीच्या हातमोज्याची उसवलेली वादी त्यांनी स्वतः शिवली, पोत्याची तोंडं शिवायच्या दाभणानं आणि मेणाच्या दोऱ्यानं. मोजा जुना, शाळेचा, चारजणींत एक. त्यानंतर चड्डीचा विषय निघाला नाही.

जॅकी मिचेलची गोष्ट लेकीनं तीनदा वाचली. २ एप्रिल १९३१. चॅटनूगा नावाच्या गावचा छोटा संघ, आणि समोर सरावाच्या सामन्याला आलेला न्यूयॉर्कचा बलाढ्य यांकीज संघ. सतरा वर्षांची ही पोरगी चेंडू टाकायला आली आणि तिनं बेब रूथला तीनदा चुकवून बाद केलं. त्याच्या मागून आलेल्या लू गेहरिगलाही. बेब रूथ म्हणजे तेव्हाचा देवच. हे खरं होतं की तिकिटं खपवायला ठरवून केलेलं नाटक, यावर अजून वाद घालतात. रूथ बाद झाला तो खरा का, असं पुरुष पिचरला कुणी विचारत नाही, हे माझं आपलं मत. १९५२ मध्ये एका संघानं एलिनॉर एंगल या तरुणीला घेतलं, तर वरच्यांनी फर्मान काढलं की बायकांशी करारच करायचा नाही. ज्यांना मैदानावर पाऊलच ठेवू दिलं नाही त्यांचे आकडे कुठून येणार?

लेक म्हणाली, "पण आई, एकदा नाही लिहिलं ते नंतर लिहिता येत नाही का?"

येतं. हे मला ठाऊक नव्हतं, तिच्या प्रश्नामुळं शोधलं. अमेरिकेत काळ्या खेळाडूंना मोठ्या लीगमध्ये घेत नसत. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन आला तेव्हा ती भिंत पडली. त्याआधी काळे खेळाडू आपल्या वेगळ्या लीगमध्ये खेळायचे आणि त्यांचे आकडे मुख्य वहीत धरतच नव्हते. अभ्यासकांनी वर्षानुवर्षं जुनी वर्तमानपत्रं चाळली, गावोगावच्या सामन्यांच्या चौकटी शोधून जुळवल्या, आणि मे २०२४ मध्ये त्या लीगांचे आकडे अधिकृत विक्रमांत घेतले गेले. त्याबरोबर फलंदाजीच्या सरासरीत शंभर वर्षं पहिला असलेला टाय कॉब दुसरा झाला. पहिला आला जॉश गिब्सन. हिशेब असा, की कॉबला हजार संधींत ३६७ फटके, तर गिब्सनला ३७२. गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये वारला होता, रॉबिन्सन मैदानात उतरायच्या तीन महिने आधी. त्याला यातलं काही कळलं नाही. पण कुणीतरी तेव्हा त्या चौकटी छापल्या होत्या, म्हणून सापडल्या. अक्काची चौकट कुठल्याच पेपरात नव्हती.

लिहूनही सगळं भागतं असं नाही म्हणा. आपल्या कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर घ्या. डिसेंबर १९४८, पुण्यात रणजी करंडकाचा सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा तेव्हाचा जागतिक विक्रम ४५२, म्हणजे दहाच धावा हव्या होत्या. मधल्या सुट्टीत काठियावाडच्या कर्णधारानं सामना सोडून दिला आणि संघ घेऊन निघून गेला. आपल्याविरुद्ध विक्रम नोंदला जायला नको, म्हणून! वहीत ४४३ लिहिलं गेलं आणि तिथंच थांबलं. भारतीय खेळाडूची प्रथम श्रेणी क्रिकेटमधली ती अजूनही सगळ्यात मोठी खेळी आहे. भाऊसाहेबांना कसोटी खेळायला एकदाही मिळालं नाही. २०१२ मध्ये ते गेले. आणि आपल्या मराठवाड्याच्या मातीतही एक आकडा लिहिलेला आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, जेमिमा रॉड्रिग्जनं मुंबईच्या एकोणीस वर्षांखालच्या संघाकडून सौराष्ट्राविरुद्ध नाबाद २०२ केल्या, १६३ चेंडूंत. ती पोरगी तेव्हा सतरा वर्षांची होती. पुढं २०२५ च्या विश्वचषकात तिनं काय केलं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आणखी एक गोष्ट सांगते आणि मग लातूरला जाऊ. २ जून २०१०. डेट्रॉइटचा पिचर अर्मांडो गालारागा यानं सलग सव्वीस जणांना बाद केलं, एकालाही बेसवर पोचू न देता. सत्तावीसवा बाद झाला की 'परफेक्ट गेम'. मोठ्या लीगच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात असे सामने जेमतेम दोन डझन. सत्तावीसवा खेळाडू पहिल्या बेसकडं धावला, चेंडू त्याच्या आधी पोचला, सगळ्यांनी पाहिलं, आणि पंच जिम जॉइस यांनी 'सुरक्षित' म्हणून हात पसरले. चुकले. सामन्यानंतर त्यांनी चित्रण पाहिलं आणि चूक सरळ कबूल केली. दुसऱ्या दिवशी खेळाडूंची यादी पंचांच्या हातात द्यायला गालारागाच गेला. जॉइस डोळे पुसत होते. पण निकाल काही बदलला नाही. मागाहून बदलायला वरचे तयार झाले नाहीत. वहीत आजही त्या सत्तावीसव्याच्या नावापुढं फटका लिहिलेला आहे, आणि सगळ्या जगाला माहीत आहे की तो फटका नव्हताच.

ही गोष्ट मी सप्टेंबरात वाचली. पुढच्याच आठवड्यात लातूरला विभागीय सामने होते.

सर, पोरी आणि मी, दोन क्रूझर करून पहाटे निघालो. मी बाबांची एक कोरी राहिलेली लाल वही नेली होती. रकाने घरीच आखले होते. माझ्या शेजारी समोरच्या शाळेचा स्कोअर लिहिणारा एक पोरगा बसला, कॉलेजात शिकणारा, त्या शाळेचा माजी खेळाडू. "काकू, तुम्ही लिहिणार?" म्हणून हसला, आणि दुसऱ्या डावात माझ्याच वहीत बघून आपला आकडा दुरुस्त केला. मी काही बोलले नाही. मनातून काय वाटलं ते वाटलं.

दोन सामने आम्ही जिंकलो. लेक शॉर्टस्टॉप, म्हणजे सहा नंबर. माझ्या पानावर ६-३, ६-३, ६-४ अशा नोंदी पडत होत्या आणि प्रत्येक सहा लिहिताना माझी पेन्सिल जरा दाबूनच चालत होती.

अंतिम सामना. शेवटचा डाव, पाच-पाच बरोबरी. समोरच्यांच्या दोघी बाद, तिसऱ्या बेसवर एक पोरगी घरी पळायच्या तयारीत. चेंडू आला, बॅट लागली, जमिनीवरून सरपटत सरळ सहाकडं. साधा चेंडू. सकाळपासून तसे दहा तिनं उचलले होते. ती वाकली, मोजा खाली गेला, आणि चेंडू दोन पायांच्या मधून मागं निघून गेला.

तिसऱ्या बेसवरची पोरगी घरी पोचली. सहा-पाच. सामना संपला. राज्यपातळीवर ते जाणार.

समोरच्या पोरी एकमेकींच्या अंगावर उड्या मारत होत्या. लेक होती तिथंच उभी, मोज्याकडं बघत. आणि मला ती नोंद करायची होती. इथं सांगायला हवं, की बेसबॉलमध्ये अशा वेळी लिहिणाऱ्याला ठरवावं लागतं. चेंडू अवघड होता, कुणालाही अडवता आला नसता, तर मारणारीच्या नावावर फटका लिहायचा. सोपा होता आणि सुटला, तर अडवणारीच्या नावावर चूक. शेजारचा पोरगा हळूच म्हणाला, "काकू, हिट देऊ या का? आमच्या पोरीलाही मिळंल." त्याचं खरं होतं. हिट लिहिली असती तर त्यांच्या पोरीच्या खात्यात एक जमा झाली असती आणि माझ्या पोरीच्या नावे काहीच पडलं नसतं. दोन्ही घरी आनंद. कुणी विचारायला येणार नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे, मिनिटभर असेल. मला अक्काचा कोरा रकाना आठवत होता, आणि माझी लेक भर उन्हात एकटी उभी असलेली दिसत होती. मी 'ई ६' लिहिलं. शेजारच्या पोरानं माझ्याकडं पाहिलं आणि त्यानंही तेच लिहिलं.

परतीच्या वाटेवर पोरी आधी रडल्या, मग चाकूरला भजी खाल्ल्यावर गाण्याच्या भेंड्या सुरू झाल्या. लेक खिडकीशी. अहमदपूर मागं पडल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाली, "लिहिलीस?"

"लिहिली."

"चूक म्हणून?"

"हो."

बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि सकाळचे दहा?"

"अकरा होते. सगळे लिहिलेत."

तिनं वही मागून घेतली आणि मोबाइलच्या उजेडात बोटानं मोजत गेली. लोहा येईपर्यंत माझ्या खांद्यावर झोपली होती. आमचा संघ उपविजेता म्हणून सरांनी वर यादी पाठवली, ती मी वहीशी पडताळून दिली. सोळा नावं, वेलांटी-उकारासकट.

आता तिचा नवा नाद म्हणजे जपान. महिला बेसबॉलचा विश्वचषक जपानच्या पोरींनी २००८ पासून २०२४ पर्यंत ओळीनं सात वेळा जिंकलाय. २०१६ ला दक्षिण कोरियात गिजांग इथं झालेल्या स्पर्धेत आपल्या देशाच्या पोरीही खेळल्या होत्या, हे सांगितल्यावर तिनं भिंतीवर नकाशा लावला. ऑगस्ट २०२५ मध्ये जेन पावल ही अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये सामना सांभाळणारी पहिली महिला पंच झाली, त्या दिवसाचा फोटो नकाशाशेजारी. सासूबाई रोज तिथं उदबत्तीचा धूर जाणार नाही इतक्या अंतरावर देवाचा पाट सरकवतात.

दसऱ्याला अक्का आली. सोनं वाटून झालं, जेवणं झाली, आणि लेकीनं तिच्यापुढं वही धरली. मला वाटलं आता ही चहा ठेवायला उठणार. उठली नाही. चष्मा लावून तिनं एकेक पान वाचलं. के म्हणजे काय, ते विचारून घेतलं. 'ई ६' पाशी थांबली, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुढं गेली. शेवटी कोरी पानं लागली, तेव्हा माझ्याकडं न बघता म्हणाली, "मागल्या पानावर थोडी जागा हाय का गं?"

लेकीनं रकाने आखले. मी लिहायला बसले. दोघींना जेवढं आठवतं तेवढंच लिहायचं, असं ठरलं. सामना नांदेडचा, हे दोघींना पक्कं. साल १९९४, दिवाळीच्या आधी. तारीख नाही आठवली. नऊपैकी सात नावं आठवली, त्यातली एक आता हयात नाही. रिबिनीच्या वेण्यांची पोरगी रडली, हे लिहायला रकाना नव्हता, म्हणून कडेला लिहिलं.

"किती जणींना 'के' केलं होतंस, अक्का?" लेकीनं विचारलं.

"लई होत्या. अकरा का बारा..." तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तेव्हा सातवीत होते, पाण्याच्या कॅनवर बसले होते. मला बारा म्हणायचं होतं.

"मला पक्कं नाही आठवत," मी म्हटलं.

"मलाबी," अक्का म्हणाली. "राहू दे मोकळा."

तो रकाना मोकळा ठेवला. खाली दोघींनी सह्या केल्या, आणि लेकीनं आजची तारीख टाकली.